सत्तेचाळीस नंबरचं टोकन

२ नोव्हेंबर

ठरलं. बोअरिंग-फेसिंग हेड घरीच बनवायचं. मागच्या खोलीत लेथ आहे, छोटं मिलिंग मशिन आहे, हाताशी वेळ आहे, आणि ते जुनं हेड डोळ्यांसमोर लख्ख उभं आहे. आणखी काय लागतं?

विकत मिळतं, हे मलाही माहीत आहे. पण विकत मिळणारी गोष्ट विकत आणण्यात कसला आलाय पराक्रम? असं हिला म्हणालो. ही म्हणाली, मग भाजीही घरीच पिकवा. बायकोला यंत्रातलं काव्य कळत नाही. दोष तिचा नाही.

कारखान्याच्या टूल-रूमच्या खिडकीमागे मी सारी नोकरी काढली. लोक मला 'खिडकी'च म्हणत. सकाळी खिडकीतून हत्यारं जायची, संध्याकाळी परत यायची. नियम साधा. कामगाराने आपल्या नंबरचं पितळी टोकन द्यायचं आणि हत्यार न्यायचं. टोकन खिळ्यावर. हत्यार परत आलं की टोकन परत. खिळा रिकामा म्हणजे लेकरू घरी. या नियमात कधी चूक झाली नाही. निदान माझी तरी.

त्या साऱ्या हत्यारांत राजा एकच, ते हेड. मशिनच्या स्पिंडलला लावायचं. खाली स्लाईड, स्लाईडमध्ये टूल. स्क्रू फिरवला की टूल मध्यापासून दूर सरकतं आणि भोक मोठं होतं. शिवाय बाजूला दातेरी चाक, त्याला आम्ही चांदणी म्हणायचो. दर फेऱ्याला ती खुंटीवर आपटणार, एक दात पुढे जाणार, टूल आपोआप बाहेर सरकणार आणि जॉबचं, म्हणजे कातायच्या तुकड्याचं, तोंड आरशासारखं साफ. रोज संध्याकाळी ते मी स्वतः पुसायचो. पोटच्या पोराला एवढं पुसलं नसेल. (हे हिचं वाक्य. पण खरं आहे.)

कारखाना बंद झाला, लिलाव झाला. लिलावात हेड नव्हतं! कोणी ढापलं ते मला पक्कं ठाऊक आहे. स्टोअरचे साहेब. पुरावा? त्यांचा चेहरा. सकाळी बागेत फिरताना समोरून आले की मी झाडांकडे बघतो. इतकी वर्षं बघतोय. झाडं पाठ झाली.

४ नोव्हेंबर

लेथच्या वर भिंतीत खिळा ठोकला आणि ट्रंकेतलं ते टोकन काढून टांगलं. नंबर सत्तेचाळीस. बोअरिंग मशिनवरच्या माझ्या जिवलगाचं. त्यालाही सगळे सत्तेचाळीसच म्हणतात, आता तर त्याची बायकोसुद्धा.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी हत्यारं जमा करून आपापली टोकनं नेली. बोर्डावर एकच लटकत राहिलं. याचं. जाताना माझ्यासाठी मुद्दाम ठेवून गेला. बोलून दाखवलं नाही. खरी मैत्री बोलत नसते.

पितळी चंद्रा, खिळ्यावरी तू शांत झुलत राही,
गेले सारे, उरलास तूच, मैत्रीची तू ग्वाही.

दुसरी ओळ जरा खेचली गेलीय. शाळेत मास्तर टेबलावर पट्टी आपटून वृत्त मोजायला लावायचे. आता पट्टी कोण आपटणार?

६ नोव्हेंबर

सत्तेचाळीसला फोन केला. आपलं हेड पुन्हा जन्माला घालतोय, म्हटलं. मग म्हणाला, "कशाला रे हा उपद्व्याप, खिडकी? गप पेपर वाच." आवाज घोगरा झाला होता. गहिवरला असणार.

विचारलं, स्लाईडच्या खाचेचा कोन किती होता रे, आठवतोय का? म्हणाला, "थांब, सांगतो." फोन ठेवला. माझा चहा संपेपर्यंत त्याचाच फोन. "पंचावन्न. साठ धरू नकोस. रुंदी बेचाळीसला थोडी कमी. स्क्रूचा पिच एक, फेऱ्याला एक मिलिमीटर." काय ती स्मरणशक्ती! नुसते डोळे मिटून बसला असेल आणि सगळं समोर उभं राहिलं असेल. मागे ठक्कन लोखंड ठेवल्यासारखा आवाज आला. वहिनींचं स्वयंपाकघरात काहीतरी चाललं असेल.

९ नोव्हेंबर

भंगारवाल्याकडून बिडाचा गोळा आणला. पोट भरीव आहे ना, हे दोनदा विचारून. "काका, दगड आहे दगड," म्हणाला.

अर्धा कातून झाला आणि आत पोकळी. बोट जाईल एवढी. दगा! पूर्वीचं बीड आतून-बाहेरून एक असायचं. माणसंही.

जाब विचारायला गेलो. म्हणाला, "काका, मी काय एक्स-रे काढून विकतो का?" दुसरा गोळा दिला. हा मी कानाला लावून, ठोकून, ऐकून घेतला. भंगारवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, हे डॉक्टर होते.

१२ नोव्हेंबर

पंप सोडवला. वरच्या टाकीत पाणी चढवणारा घरचा पंप. बेअरिंगची बैठक झिजून सैल झाली होती, महिनाभर विव्हळत होता. ही म्हणत होती, नवा आणा. मी म्हणालो, बैठक दोन दशांश मिलिमीटर बोअर करून आत बुश, म्हणजे धातूची कडी, बसवलं की नव्याच्या तोंडात मारील. माझ्या हेडचं पहिलं काम हेच. त्यासाठी पंप आतापासून तयार हवा.

हिने विचारलं, हेड झालंय का? नाही. मग पंप कशाला सोडवला? मी म्हणालो, रविवारपर्यंत पाणी वर चढेल. शब्द दिला.

१५ नोव्हेंबर

खाच कापली. पंचावन्न अंश. स्लाईड आत घातली. एका टोकाला अडते, दुसऱ्या टोकाला डुगडुगते. आधी हट्टी, मग उदास. अगदी मनुष्यस्वभाव. फटीत पातळ पट्टी घालून सांभाळून घेता येईल. माणसांनाही आपण असंच सांभाळून घेतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

ही बादल्या वर नेते आहे. मी म्हणालो, रविवार म्हटलं होतं, कुठला ते म्हटलं नव्हतं. बादली जरा जोरात ठेवली गेली. फरशीवर.

१७ नोव्हेंबर

लेकीचा फोन. ही खालच्या आवाजात बोलत होती, पण टूल-रूमवाल्याचे कान. लेकीनेच काहीतरी म्हटलं असणार, कारण ही म्हणाली, "हो ग, तेच म्हणते मी, करू दे, रमतात बिचारे."

रमतात! बिचारे! जिला मी अंगाखांद्यावर खेळवलं, कविता पाठ करून घेतल्या, ती म्हणते रमतात. दगा रक्तातूनही येतो.

आज काम केलं नाही. उद्यापासून रोज पहाटे.

१८ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ

उद्यापासून.

२० नोव्हेंबर

स्क्रू झाला. डायल झाली. डायलवर पन्नास रेघा, एकेक हाताने कोरली. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. हिला दाखवली. म्हणाली, रेघा छान आहेत. पुढे म्हणाली, बादलीच्या कडीला एखादी मूठ बसवून द्याल का, हात कापतो. मी म्हणालो, आधी हेड.

हे लिहिताना जरा कसंतरी वाटलं. पण ध्येय म्हटलं की जवळची माणसं होरपळतातच. शाळेच्या पुस्तकातले सगळे थोर पुरुष बघा.

२२ नोव्हेंबर

चांदणी बनवली. आठ दात. हेड मशिनला लावलं, खुंटी आडवी केली, बटण दाबलं. पहिला टकटक आवाज आला आणि माझे डोळे भरून आले. कारखान्यात दुपारी हाच आवाज खिडकीपर्यंत यायचा. मी डोळे मिटले.

डोळे मिटायला नको होते. चांदणी सुटली आणि खिडकीची काच घेऊन बाहेर गेली. दात टिकले. काच टिकली नाही. चांदणीची पिन ढिली होती. पिन मीच बसवली होती, पण ती असं वागेल असं वाटलं नव्हतं.

ही अंगणातून चांदणी घेऊन आली. म्हणाली, "तारा तुटताना दिसला की काहीतरी मागायचं असतं म्हणतात. मी पंप मागितला."

२४ नोव्हेंबर

सत्तेचाळीस स्वतःहून आला. हल्ली पुतण्याच्या वर्कशॉपमध्ये नुसता जाऊन बसतो म्हणे, वेळ जात नाही म्हणून. बिचारा. हाताला काम नाही. मी त्याला माझं हेड दाखवलं. त्याने उलटंसुलटं केलं, स्लाईड हलवली, ती जराशी कुरकुरली. म्हणाला, "दिसतंय तर खरं तसंच."

मग वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे टोकन अजून आहे तुझ्याकडे?"

मी म्हणालो, आहे म्हणजे? रोज समोर असतं. रोज बघतो आणि तुझी आठवण काढतो.

"रोज?" म्हणाला. मग म्हणाला, "खिडकी, एक सांगायचंय. चिडणार नाहीस ना?" मी त्याचा हात धरला. म्हटलं, काही सांगू नकोस, मला सगळं कळतं. काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या.

"तुला ठाऊक आहे?" पहिल्या दिवसापासून, मी म्हणालो. तो खाली बघत राहिला. चहा अर्धा ठेवून गेला. किती हळवा माणूस! बोअरिंग मशिनवर काम करून करून माणूस आतून मोठा होत जातो. ही ओळ कवितेत घ्यावी.

२७ नोव्हेंबर

आज बोअरिंग. सुवर्णाक्षरांनी लिहायला ठेवलेली तारीख.

बुश आधीच कातून तयार ठेवलं होतं, बैठकीत घट्ट बसेल असं. बैठक दोन दशांश मोठी करायची. हिशोब सरळ. दहा रेघा. दहा रेघा फिरवल्या, वरपासून खालपर्यंत एक सुंदर पास घेतला. कीस अगदी कुरळा. हिला बोलावलं. मोठ्या मनाने म्हटलं, बुश तू बसव, पहिला मान तुझा.

हिने बुश वर ठेवलं. ते आतून सरळ खाली गेलं आणि टेबलावर खण्ण वाजलं.

"बसलं का?" हिने विचारलं.

मोजलं. दोन नाही, चार दशांश मोठं. डायल खोटी बोलली. माझ्या हाताने कोरलेली डायल! आता कोणावर विश्वास ठेवायचा? लेकीने दगा दिला, बिडाने दिला, पिनेने दिला, आता रेघासुद्धा फितूर. ही बादल्या घेऊन खाली गेली.

२८ नोव्हेंबर

पंप कापडात गुंडाळून सत्तेचाळीसकडे गेलो. या जगात एक माणूस उरलाय.

त्याने विचारलं, "स्क्रू किती फिरवलास?" दहा रेघा. म्हणजे? म्हटलं, दोन दशांश. तो खुर्चीवर मागे टेकून हसत सुटला. हसता हसता ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. त्यांच्या नळाला पाणी आहे.

म्हणाला, "अरे बाबा, टूल मध्यापासून जेवढं सरकतं, तेवढं भोक चारी बाजूंनी वाढतं. म्हणजे दुप्पट! पाच रेघा हव्या होत्या. एवढी वर्षं माझ्या हातात हेड देत होतास, एकदा तरी विचारायचंस."

मी शांतपणे म्हणालो, खिडकीतून हत्यार बाहेर गेलं की आमचा संबंध संपतो. वाद घातला नाही. वर्तुळाबद्दल त्याचं आणि माझं मत वेगळं आहे, एवढंच.

"ठेव इथे," म्हणाला. "जाड बुश करून बसवतो. परवा ये."

३० नोव्हेंबर

पंप आणला, बसवला, पाणी चढलं! टाकीतला तो आवाज. ही जिन्यात बसून ऐकत राहिली. म्हणाली, भावोजींच्या हाताला यश आहे. मी म्हणालो, बैठक मीच मोठी केली होती. ती म्हणाली, हो, ती तर फारच मोठी केली होती.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. त्याने पंपाचं तोंडही फेस करून, म्हणजे सपाट कातून, दिलंय. जोडण्याआधी उन्हात धरलं तर बारीक गोल रेघा, एकात एक. आणि दर आठवी रेघ जराशी जाड. अंगावर काटा आला. आपल्या जुन्या हेडच्या चांदणीचा एक दात झिजलेला होता. दर आठव्या फेऱ्याला ती किंचित चुकायची आणि जाड रेघ उमटायची. हाच सत्तेचाळीस रोज खिडकीशी येऊन कटकट करायचा, "खिडकी, तुझ्या राजाचा एक दात पडलाय."

म्हणजे ते हेड याच्या हातात इतकं भिनलंय की हेड नसतानाही त्याचा हात आठव्या फेऱ्याला चुकतो! प्रेम म्हणतात ते हेच.

१ डिसेंबर



बिस्किटांचा पुडा घेऊन आभार मानायला गेलो. वहिनी म्हणाल्या, ते वर्कशॉपमध्ये आहेत. गेलो. मशिन चालू. टक, टक, टक. सात टका आणि आठवा जरा बसका.

हेड. आपलं हेड. कोपऱ्यावर तो पोचा होता. एका पावसाळ्यात माझ्याच हातून खिडकीच्या कट्ट्यावर पडलं होतं, मी आठवडाभर कोणाशी बोललो नव्हतो. तो पोचा मी अंधारात बोटाने ओळखेन.

सत्तेचाळीसने मशिन बंद केलं. मी विचारलं, कुठून आणलंस?

"आणलं कुठून? तूच दिलंस. शेवटच्या दिवशी सकाळी. टोकन घेऊन."

परत का नाही केलंस?

"आलो होतो की परत करायला! खिडकी बंद. तू तिकडे निरोपसमारंभात कविता म्हणत होतास. मी दाराशी हेड घेऊन उभा. एक कडवं संपलं की वाटायचं, आता संपली. संपेचना. शेवटी खांदा दुखायला लागला, घरी घेऊन गेलो. म्हटलं, उद्या देऊ. उद्या गेटला कुलूप."

आणि त्यानंतर एवढी वर्षं?

मान खाली. "मग जीव जडला रे."

मी म्हणालो, साहेबांना चोर ठरवलं मी! तू ऐकत होतास!

तो म्हणाला, "पण मला काय माहीत, तुला माहीत नाही ते? माझं टोकन तुझ्याकडे. टोकन खिळ्यावर म्हणजे हत्यार बाहेर, हे तुझ्याइतकं कोणाला कळतं? मला वाटायचं, याला ठाऊक आहे, पण मोठ्या मनाने गप्प आहे. परवा तर तू चक्क लेथवर टांगून ठेवलंस आणि म्हणालास, रोज बघतो. मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, हा टोमणा मारतोय."

बिस्किटं तिथेच राहिली.

२ डिसेंबर

जेवलो नाही. हिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टोकन खिळ्यावर म्हणजे हत्यार बाहेर. लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुम्ही ते ट्रंकेत ठेवलंत तेव्हाच वाटलं होतं मला, भावोजींकडे काहीतरी राहिलंय."

मग बोलली का नाहीस?

"तुम्ही त्यावर कविता करत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. जिच्या हातात बादल्या होत्या तिलाही. खिळ्याला ठाऊक होतं. एक मीच, ज्याने जन्मभर तो बोर्ड वाचला.

संध्याकाळी थोडा भात खाल्ला. निषेध म्हणून चटणी घेतली नाही.

३ डिसेंबर

बागेत साहेब समोरून आले. नमस्कार केला. त्यांनी मागे वळून बघितलं, कोणाला केला म्हणून.

४ डिसेंबर

दुपारी सत्तेचाळीस आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं हेड, तेल लावलेलं. मागच्या खोलीत गेलो. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "माझं टोकन."

मी लगेच दिलं नाही. आधी हेड पुसलं. कोपरे बघितले, स्लाईड चालवली. लोण्यासारखी. चांदणीचा दात बघितला. नवीन पोचा नाही. मग खिळ्यावरून टोकन काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते शर्टाला घासून खिशात टाकलं. जाताना म्हणाला, "कविता मात्र चांगली होती. पहिली दहा-बारा कडवी." अजून माफ केलेलं नाही.

खिळा रिकामा. लेकरू घरी. माझं हेड त्याच्या शेजारी मांडून ठेवलं. दिवा मालवला की दोन्ही सारखीच दिसतात.

निश्चय: यापुढे डोळे उघडे. कोणावर आंधळा विश्वास नाही. नियम म्हणजे नियम.

५ डिसेंबर, सकाळी सात

मागच्या खोलीच्या खिडकीवर टकटक. काच नाहीच, तो चौकटीवरच वाजवत होता. सत्तेचाळीस. म्हणाला, "खिडकी, पुतण्याचा एक जॉब अडलाय. हेड दे. संध्याकाळी आणून देतो."

मी म्हणालो, माझं नवं घेऊन जा. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, "नको रे. तुझं तुला राहू दे, सवय आहे त्याला तुझी."

मी हात पुढे केला. टोकन? दिलं त्याने. खिळ्यावर टांगलं. मग हेड दिलं. सगळं नियमाप्रमाणे. चौकटीतून त्याचे हात आत आले, हेड उचललं आणि गेले. किती वर्षांनी. ऊर भरून आला.

संध्याकाळी साडेसहा

आला नाही. जॉब लांबला असेल.

८ डिसेंबर

आलेला नाही. फोन केला. वहिनी म्हणाल्या, ते अंघोळीला गेलेत. सकाळीही अंघोळीलाच गेले होते.

टोकन खिळ्यावर.

'पितळी चंद्रा, खिळ्यावरी तू'

खोडलं.